अण्णांचा डावा हात आणि परवडणारा हेडफोन

माझे कान चांगले आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायची दाट शक्यता आहे. लातुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचा झालेला आहे आणि तो आजतागायत कुणी मागं घेतलेला नाही.

आम्ही मूळचे कंधारचे. भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी आमची शुभांगी दहावीला भरघोस मार्कांनी पास झाली आणि सगळे पाहुणेरावळे एका सुरात म्हणायला लागले, "पोरीला लातूरला टाका." ज्या लातूरचं नाव काढलं की थोड्या दिवसांपूर्वी बायका डोळ्याला पदर लावत होत्या, तिथंच आता गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरून राहिली होती. मग मी बदली मागितली. मिळाली औशाला. लातुरात दोन खोल्या घेतल्या, शुभाला क्लास लावले आणि मी रोज एसटीनं औशाला जा-ये करायला लागलो. पोरगी डॉक्टर होणार होती, त्यामुळं बापानं धक्के खाणं ओघानंच आलं.

घरमालक शिवलिंगअप्पा. मधे अंगण, भोवती नऊ खोल्यांची रांग, वर पत्रे. (स्लॅब टाकायची ऐपत होती, पण भूकंपानंतर अप्पा म्हणायचे, "पडायचंच असंल तर पत्रा पडू दे.") सात खोल्यांत विद्यार्थी, दोन खोल्यांत आम्ही. अंगणातल्या भिंतीवर अप्पांनी लाल ऑइलपेंटनं आठ नियम लिहून ठेवले होते. चौथा होता, 'आवाज करू नये.' पाचवा होता, 'वरील नियम पुन्हा वाचावा.'

आणि खरंच तिथं आवाज नव्हता. पोरं पहाटेपासून पुस्तकात डोकं घालून बसायची. आमच्या मंडळींनी कुकर माळ्यावर टाकून पातेल्यात वरण शिजवायला सुरुवात केली, कारण तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं होतं, "काकू, आज केमिस्ट्री हाय." मी स्वतः चपला हातात घेऊन अंगण ओलांडायचो. सरकारी नोकर माणूस, स्वतःच्या भाड्याच्या घरात चोरासारखा शिरायचो. तरी गुन्हेगार ठरलो मीच.

त्याचं असं झालं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कंधारच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं मृदंग वाजवत होते. भूकंपाच्या आधीच ते गेले. त्यांच्या भजनाची एकच कॅसेट माझ्याकडं होती, आमच्याच टू-इन-वनवर घरी भरलेली. औशाहून उभ्यानं येऊन हातपाय धुतले, चहा घेतला की त्या कॅसेटची एक बाजू ऐकायची, एवढंच माझं मागणं. आवाज मध्यम ठेवायचो. आता ते कंधारचं मध्यम होतं, हे मी मान्य करतो. पण मध्यमच होतं.

एके संध्याकाळी पोरं एकजूट करून अप्पांकडं गेली आणि अप्पा माझ्याकडं आले.

"साहेब, गाणं बंद करा न्हाईतर खोल्या सोडा."

"गाणं न्हाई अप्पा, भजन हाय."

"भजनानं पोरं डॉक्टर होत न्हाईत."

"अप्पा, तुम्ही देवाधर्माचं माणूस. तुम्ही असं बोलावं?"

"म्हणूनच आठ दिवस देऊन राहिलो. दुसरा असता तर तुमची ट्रंक आत्ता रस्त्यावर असती."

शुभाचं बारावीचं वर्ष. परीक्षा तीन महिन्यांवर. त्या दिवसांत लातुरात खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यापैकी होतं. लोकांनी गोठे पांढरे करून भाड्यानं दिले होते. आमच्या ओळखीचं एक कुटुंब ट्रॅक्टरच्या शेडमध्ये राहून पोराला इंजिनिअर करत होतं. माझ्या भजनापायी पोरीचं वर्ष जायची वेळ आली होती आणि अण्णांची कॅसेट बंद करायला माझं मन धजत नव्हतं. मग शुभाच म्हणाली, "पप्पा, हेडफोन घ्या की. आवाज फक्त तुमच्या कानात. पोरं पण खुश, आजोबा पण खुश."

"कानाला झाकणं लावायला पैशे?" मंडळी म्हणाल्या. "आवं, तसं पण माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत न्हाई. फुकटात काम होऊन राहिलं की."

आता मी ज्या घरात वाढलो तिथं कुठलीही वस्तू पारखूनच घ्यायची रीत. मडकं टिचकी मारून घ्यायचं. गुळाचा खडा तोंडात टाकायचा, दुसरा खिशात टाकायचा आणि मग भाव करायचा. अण्णांनी मृदंग घेतला तेव्हा दुकानदाराला दिवसभर बसवून ठेवलं होतं, आणि संध्याकाळी तोच म्हणाला होता, "म्हणाल त्या भावात घ्या बुवा, पण घेऊन जा." त्या बापाचा मी मुलगा. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून आलो, टू-इन-वनमध्ये नवे सेल घातले, अण्णांची कॅसेट घातली, सगळं वायरच्या पिशवीत ठेवलं आणि मंडळींना घेऊन बाजारात गेलो.

पहिल्या दुकानदारानं हेडफोन काचेआडून दाखवला.

"लावून बघतो," मी म्हटलं.

"सील तोडता येत न्हाई. कंपनीचा माल हाय."

"कंपनीला माझे कान माहीत हायत का?"

"काका, सगळ्यांचे कान सारखेच असतात."

असं म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार कसा करायचा? मी सरळ बाहेर पडलो. दुसऱ्यानं लावू दिला, पण त्याच्याच डेकवर आणि त्याच्याच सिनेमाच्या गाण्यावर. हेडफोन इतका घट्ट होता की मला आमचे तिसरीचे गुरुजी आठवले. मी पिशवी पुढं करून म्हटलं, "माझी कॅसेट लावून बघू द्या." त्यानं कॅसेटवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "भजन? ह्याच्यात भजनाचं गिऱ्हाईक आजवर आलं न्हाई." म्हणजे हेडफोन काय फक्त नाचायला केलेत? मी त्याला हे विचारलंसुद्धा. मंडळी दाराशी उभ्या राहून म्हणत होत्या, "बायका लग्नाचा बस्ता बांधताना एवढं दुकान उलथंपालथं करत न्हाईत."

तिसरं दुकान भर बाजारात होतं. त्याच्याच वरच्या मजल्यावर शुभाचा फिजिक्सचा क्लास. (क्लास सुटला की तिला घेऊनच घरी जायचं असा बेत होता. बेत चांगला होता.) हा दुकानदार मात्र शांत. त्यानं तीन हेडफोन काढून ठेवले. "लावा काका. पोटभर ऐका, मग घ्या." तेव्हाच मला त्याचा संशय यायला हवा होता.

स्वस्तातल्या हेडफोनचा एकच कान बोलत होता. दुकानदार म्हणाला, "दुसरा वापरता वापरता चालू होतो." महागाची किंमत त्यानं सांगितली आणि त्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही. राहिला मधला. फोमच्या मऊ गाद्या, डोक्यावरून पट्टी, किंमत पोटाला चिमटा काढून देता येण्यासारखी. मी पिशवी हातात धरून उभा होतो. टू-इन-वन बाहेरसुद्धा न काढता त्याच्या भोकात पिन खुपसली, बटण दाबलं आणि डोळे मिटले. अण्णा म्हणायचे, मृदंग डोळे मिटून ऐकावा.

आधी वीणा आली. मग टाळ. आणि मग खालून, कुठूनतरी लांबून, घूंऽऽ असा आवाज आला. तो तळपायातून वर चढला, पोटात घुमला आणि छातीत येऊन बसला.

आता त्या दिवसांत आमच्या भागात राहिलेल्या कुणालाही विचारा. जमीन हलायच्या आधी ती गुरगुरते. मोठा भूकंप झाला त्या पहाटे कंधारलासुद्धा आम्ही तो आवाज ऐकला होता. त्यानंतर वर्षानुवर्षं लहानमोठे धक्के येतच राहिले. घराघरांत रात्री कड्या न लावता दारं नुसती लोटून ठेवायचे. आमच्या मंडळींनी फळीवर तांब्यावर वाटी, वाटीवर फुलपात्र, फुलपात्रावर चमचा असा मनोरा रचलेला असायचा. तो पडला की चप्पल न घालता बाहेर पळायचं. सगळ्यांचे पाय कायम तयार असायचे. माझेही होते. तेव्हा मी जे केलं ते कुठल्याही जबाबदार नागरिकानं केलं असतं.

मी ओरडलो, "भूकंप! पळा!"

कानात हेडफोन असला की आपला आवाज आपल्याला कळत नाही. मंडळी सांगतात की गोलाईच्या चौकापलीकडच्या लोकांनीही वळून बघितलं. मी पिशवीसकट आणि हेडफोनसकट रस्त्याच्या मधोमध. माझ्यामागं दुकानदार. शेजारच्या कटिंगच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस गळ्यातल्या फडक्यासकट आला. साडीच्या दुकानातून एक बाई खांद्यावर बिनपैशाचा शालू घेऊन आली आणि तिच्यामागं शालूचं दुसरं टोक धरून दुकानदार. आणि मग वरच्या मजल्यावरून फिजिक्सचा क्लास उतरला. पोरं लातूरची, त्यांना पळायला शिकवावं लागत नाही. दोन मिनिटांत जिना रिकामा. कुणाला खरचटलं नाही, एवढी देवाची कृपा.

सगळा बाजार मान वर करून विजेच्या तारांकडं बघत होता. तारा हलल्या की धक्का मोठा, असा आमचा हिशेब. तारा हलत नव्हत्या. पण माझ्या कानात जमीन गरजतच होती! (पिशवी माझ्या हातात, कॅसेट चालू. हे मला आता कळतं.) मी पुन्हा ओरडलो, "अजून चालू हाय! भिंतीपासून लांब व्हा!"

अख्खा बाजार भिंतीपासून लांब झाला. माझ्या आयुष्यात इतक्या लोकांनी माझं एका शब्दात ऐकल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तेवढ्यात गर्दीतून शुभा आली. तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, वायरीकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला. भूकंप थांबला.

तिनं हेडफोनचा एक कान स्वतःच्या कानाला लावला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, हे आजोबा हायत."

"कुठं?"

"मृदंग. त्यांचा डावा हात."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात आणि तिथून तो घुमारा निघतो. आमच्या टू-इन-वनच्या एवढ्याशा स्पीकरला तो कधी झेपलाच नव्हता. म्हणजे इतकी वर्षं मी बापाचा फक्त उजवा हात ऐकत होतो. डावा पहिल्यांदा ऐकू आला, तर मी अर्धं लातूर रस्त्यावर आणलं.

आधी कुणी हसलं नाही. एक म्हातारी छातीला हात लावून रस्त्यावरच बसली होती, तिला पाणी देत होते. तिच्याकडं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग अर्ध्या दाढीवाल्यानं विचारलं, "पहिलं कोण वरडलं?" आणि जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडं बोटं केली. त्यात आमच्या मंडळींचंही एक होतं.

फिजिक्सचे सर पुढं आले. वर चाचणी चालू होती म्हणे. त्यांनी शुभाला विचारलं, "कोण हे? ओळखीचे आहेत?"

मी तिच्या जागी असतो तर नाही म्हणालो असतो. शुभा म्हणाली, "माझे पप्पा आहेत, सर."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोरांकडं वळून म्हणाले, "उद्या चाचणी पुन्हा होईल. नवीन पेपर." त्यावर पोरांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरलेलो नाही. त्यातली निम्मी पोरं अप्पांच्या खोल्यांत राहत होती.

दुकानदार हेडफोनची वायर गुंडाळत उभाच होता. "लावून बघितलात ना काका? आता घ्या. सगळ्या बाजारानं बघितलं तुम्हाला ह्याच्यात." मी किंमत कमी करायला तोंड उघडलं, तर मंडळी म्हणाल्या, "गप घ्या आन् चला." असा तो परवडणारा हेडफोन, घासाघीस न करता घेतलेली माझ्या आयुष्यातली एकमेव वस्तू, घरी आला. मी अजूनही म्हणतो की दोष त्या हेडफोनचा होता. एवढ्या किमतीत एवढा घुमारा द्यायची काही गरज नव्हती.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. अप्पा दारातच उभे होते. "साहेब, तुम्हाला आवाज बंद करा म्हणलं, तुम्ही गाव उठवून आलात." पण घरात शांतता झाली, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. खोल्या राहिल्या. शुभाचा अभ्यास जोरात सुरू झाला. आणि मी रोज संध्याकाळी डोळे मिटून अण्णांचे दोन्ही हात ऐकायला लागलो. खरं सांगतो, पहिले आठ दिवस रोज डोळ्यांत पाणी यायचं. मंडळींना वाटायचं हेडफोन टोचून राहिलाय.

एक मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं. एकदा फसलो, पुन्हा फसणार नाही. आता कानात जमीन गरजली काय आणि आभाळ कोसळलं काय, हा माणूस जागचा हलणार नाही.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. रविवारची दुपार. मंडळी कणीक मळत होत्या, शुभा आतल्या खोलीत वाचत होती, मी पलंगावर मांडी घालून हेडफोन लावून बसलो होतो. अण्णांचा डावा हात आला. काय आला म्हणता! नेहमीपेक्षा खोल, नेहमीपेक्षा भरदार. मांडीखालचा पलंगसुद्धा थरथरला. मी मनात म्हटलं, याला म्हणतात वस्तू, पैसे वसूल. मग डाव्या अंगाला काहीतरी खणखण वाजलं. टाळकरी आज जरा पुढं पळतायत, एवढंच मला वाटलं. मी डोळे अजून घट्ट मिटले, मांडीवर ठेका धरला आणि म्हणालो, "वा अण्णा, वा!"

कुणीतरी माझ्या दंडाला धरून खस्सकन ओढलं. डोळे उघडले तर शुभा. केस विस्कटलेले, पाय अनवाणी, तोंड पांढरं. फळीवरचा मनोरा जमिनीवर पडला होता आणि फुलपात्र अजून गरगरत होतं. तिनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं टू-इन-वनला धरून अंगणात आणलं.

सगळी पोरं अंगणात. मंडळी कणकेच्या हातांनी मधोमध उभ्या. बाहेर आल्यावर त्यांनी माणसं मोजली, एक कमी भरलं, आणि कोण ते त्यांना मोजायच्या आधीच माहीत होतं. हाका मारून त्यांचा घसा बसला होता. सगळ्यांनी धरून ठेवलं असतानाही शुभा हात सोडवून परत आत शिरली होती. धक्का तसा लहानच होता, कुणाचं काही गेलं नाही. पण ज्या पोरीच्या पायात साधा काटा जाऊ नये म्हणून मी रोज औशाला उभ्यानं जात होतो, ती माझ्यापायी हलत्या घरात परत शिरली, याची मला फार लाज वाटली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "पप्पा, निदान आवाज तरी बारीक ठेवत जा." आणि मग रडायला लागली.

अप्पा म्हणाले, "साहेब, नसतो तवा वरडता. आला तवा बसून राहता."

शुभा त्या वर्षी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुढं डॉक्टरही झाली, तेव्हा त्या बाबतीत कुणी माझ्याकडं बोट दाखवू शकत नाही. पण त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी औशाहून आलो, तर अंगणातल्या भिंतीवर आठ नियमांखाली ताजा लाल रंग. '९. भूकंप झाल्यास आधी काकांच्या कानातले काढावे, मग बाहेर पडावे.' पोरं ओळीनं उभी राहून वाचत होती. मी अप्पांना गाठलं आणि ठणकावून सांगितलं, की लिहायचंच असेल तर त्याच्याखाली हेही लिहा, काकांचे कान चांगले आहेत.

अप्पांनी डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "रंग संपला."